माशाच्या डोळ्याचा दगड

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



संस्थेने मला आज 'विज्ञान आणि आपला विद्यार्थी' या विषयावर बोलायला सांगितले आहे. निवृत्त शिक्षकाला एवढा मोठा विषय दिला की तो घड्याळाकडे पाहत नाही, हे मी समोरच्या खुर्चीत बसून पुष्कळदा सोसले आहे. म्हणून मी विषय लहान करून घेतो. गेल्या डिसेंबरात आपल्या नववीच्या मुलामुलींबरोबर मी सिन्नरला गेलो होतो. कशाला, तर दगड पाहायला. त्या एका दिवसाबद्दल मी बोलणार आहे. आणि त्या दिवसाला जोडून, माझ्या हातून फार वर्षांपूर्वी घडलेल्या एका चुकीबद्दल.

सहलीची चिठ्ठी घरोघर गेली तेव्हा काय काय झाले ते मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. चिठ्ठीत 'गारगोटी संग्रहालय' असे लिहिले होते. दोन पालक विचारायला आले की एका दिवसात कोल्हापूरच्या पलीकडे जाऊन परत कसे येणार? कारण गारगोटी नावाचे गाव कोल्हापूर जिल्ह्यात आहे, भुदरगड तालुक्याचे ठिकाण. त्यांचा भूगोल पक्का होता, चूक आमच्या चिठ्ठीची होती. दुसऱ्या एका पालकांनी मात्र सरळच विचारले, "सर, दगड बघायला बसभाडे कशाला? आपल्या गावात दगड कमी आहेत का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या गावात दगडाशिवाय दुसरे आहे तरी काय! चार दगडखाणी, दोन क्रशर, आणि जिच्या तळाला काळा कातळ लागला नाही अशी एक विहीर दाखवा. आपल्यातली कितीतरी घरे या दगडावरच जगली. कोणी सुरुंगाची भोके पाडली, कोणी खडी फोडली, कोणी ट्रक चालवला. तेव्हा दगड आपल्याला नवा नाही. नवे काय होते, ते सांगतो.

नाशिकहून शिर्डीकडे जाताना सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत हे संग्रहालय आहे. श्री. के. सी. पांडे या गृहस्थांनी वर्षानुवर्षे जमवलेल्या खनिजांचा हा संग्रह या शतकाच्या सुरुवातीला लोकांसाठी खुला झाला. आजूबाजूला कारखान्यांच्या भिंती, आणि आत गेल्यावर काचेच्या कपाटांत दिव्यांखाली ठेवलेले दगड. संग्रहालयाला जोडून विक्रीचे दालनही आहे. म्हणजे एकाच छपराखाली काही दगड असे की ज्यांना कोणी हात लावायचा नाही, आणि काही असे की पैसे मोजून घरी न्यायचे. मुलांना या दुसऱ्या दालनाची ओढ अधिक होती हे मी लपवत नाही.

कपाटांत जे होते त्याचे वर्णन शब्दांत करणे कठीण, पण प्रयत्न करतो. एक दगड पाहिला तो कापसाच्या बोंडासारखा. काळ्या दगडाच्या वाटीत पांढरेशुभ्र मऊ गोळे बसलेले. हात लावावासा वाटतो, पण लावला तर ते तंतू दबून कायमचे मोडतात. त्याचे नाव ओकेनाइट. दुसरा फिकट केशरी रंगाचा, धान्याची पेंढी मध्ये आवळून बांधावी आणि दोन्ही टोकांना ती फुलावी तसा, तो स्टिल्बाइट. तिसरा म्हणजे नुसत्या पांढऱ्या सुयांचा झुबका, त्याला स्कोलेसाइट म्हणतात. आणि एका कपाटापाशी मुली हलेनात, तिथे निळा रंग होता. शाईचा नव्हे, मोराच्या मानेचाही नव्हे, काही निराळाच निळा. ते खनिज कॅव्हान्साइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या तीन शब्दांची आद्याक्षरे जोडून हे नाव केले आहे. ते पहिल्यांदा ओळखले गेले अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यात, पण जगातले सर्वांत सुंदर नमुने निघाले ते पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतून. ज्या वाघोलीहून पुण्याच्या इमारतींसाठी खडी जात होती, तीच वाघोली.

मग मुलांनी विचारले, काळ्या दगडात हे रंग आले कुठून?

सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपल्या या भागात जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. एक थर थंड व्हायचा, त्यावर दुसरा यायचा. आज त्याचा सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश उरला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. सह्याद्रीचे डोंगर लांबून पाहिले तर पायऱ्या पायऱ्यांचे दिसतात ना? त्या या थरांच्या पायऱ्या. शास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि हा शब्द मूळ स्वीडिश भाषेतल्या जिन्यावरून आला आहे. भाकरी तव्यावर टाकली की वाफेचे फोड येतात. तसे लाव्ह्यातल्या वायूचे बुडबुडे थंड होणाऱ्या दगडात अडकून राहिले. त्या पोकळ्या. काही मोहरीएवढ्या, काही नारळाएवढ्या, आणि क्वचित एवढ्या मोठ्या की माणूस आत वाकून शिरेल. पुढे या पोकळ्यांतून गरम पाणी झिरपत राहिले. पाण्याने खडकातली द्रव्ये विरघळवून आणली आणि पोकळीच्या भिंतीवर कणाकणाने बसवली. अंधारात, बंद जागेत, कोणी न पाहता. त्या पोकळीला पहिला उजेड दिसतो तो सुरुंग उडाल्यावर किंवा विहीर खणणाऱ्याची पहार लागल्यावर.

स्टिल्बाइट आणि स्कोलेसाइट ज्या कुळातले, त्या कुळाला झिओलाइट म्हणतात. स्वीडनमधल्या क्रॉनस्टेट नावाच्या शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये असा एक दगड ज्योतीत धरला, तेव्हा तो दूध उतू जावे तसा फसफसला, कारण त्याच्या आत पाणी साठलेले होते. म्हणून ग्रीक शब्दांवरून नाव दिले 'उकळणारा दगड'. या दगडाची रचना आतून चाळणीसारखी असते. तुम्ही म्हणाल, त्याचे आम्हाला काय? २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्यापैकी किती घरांत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणला गेला ते आठवा. संस्थेच्या हॉलमध्ये यंत्रांची यादी लावली होती, कोणाकडून कोणाकडे द्यायचे ती. त्या यंत्राच्या पोटात कारखान्यात बनवलेल्या झिओलाइटचे बारीक दाणे असतात. यंत्र हवा दाबून त्यातून सोडते, हे दाणे हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतात. ज्याच्या नाकाला ती नळी होती, त्याचा श्वास या दगडाच्या भावंडावर चालला होता. हे मी सांगितले तेव्हा बसमध्ये दंगा करणारा एक मुलगा एकदम गप्प झाला. त्याच्या घरी ते यंत्र होते.

आता मी माझ्या चुकीकडे येतो. तिला अधिक टाळण्यात अर्थ नाही.

१९८६ साली मी या संस्थेत विज्ञान शिक्षक म्हणून नवीन होतो. सातवीच्या वर्गात खाणीवरचा एक मुलगा होता. त्याचे वडील सुरुंगासाठी भोके पाडत. मुलगा अभ्यासात बेताचा, पण डोळा तीक्ष्ण. एके दिवशी त्याने वडिलांच्या रुमालात बांधून एक दगड आणला आणि टेबलावर ठेवला. वीत-दीड वीत लांबीचा काळा दगड, आणि त्यावर पारदर्शक खडे उभे राहिलेले. म्हणाला, "सर, हे वरून बघा. माशाच्या डोळ्यासारखं चमकतं."

मी म्हटले, "गारगोटी आहे ती. आणि दगडाला कधी डोळे असतात का?"

वर्ग हसला. तोही हसला, मुले हसतात तशी. दगड काही महिने माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून राहिला. पुढे भिंतींना रंग देताना तो कोणी बाहेर टाकला, मी चौकशीही केली नाही. मुलाने आठवी झाल्यावर शाळा सोडली. माझ्या त्या एका वाक्यामुळे सोडली असे मी म्हणणार नाही. घरात पाठची चार भावंडे होती, वडिलांच्या हाताला इजा झाली होती. पण एवढे मात्र खरे की त्याने नंतर माझ्यासमोर कधी काही आणून ठेवले नाही.

सिन्नरच्या संग्रहालयात एका मोठ्या कपाटापुढे आम्ही उभे होतो. आत अपोफिलाइट नावाचे खनिज होते. काही हिरवे, काही पाण्यासारखे स्वच्छ. माहिती सांगणारा तरुण मुलांना म्हणाला, "या खड्याच्या वरच्या सपाट बाजूकडे बघा, मोत्यासारखी झाक दिसते ना? युरोपात पूर्वी याला एक जुने नाव होते. त्याचा अर्थ, माशाच्या डोळ्याचा दगड."

मंडळी, सुमारे चाळीस वर्षांपूर्वीचा तो वर्ग, तो रुमाल, ते हसणे, सगळे माझ्यासमोर उभे राहिले. युरोपातल्या विद्वानांना त्या दगडात जे दिसले आणि त्यांनी ग्रंथात लिहिले, ते आमच्या खाणीवरच्या तेरा वर्षांच्या पोराला कोणी न शिकवता दिसले होते. आणि त्याच्या शिक्षकाने त्याला सांगितले की दगडाला डोळे नसतात.

त्याच वेळी शेजारी उभी असलेली एक विद्यार्थिनी मला म्हणाली, "सर, आमच्या अब्बांनी लहानपणी असा दगड शाळेत नेला होता. पण त्यांच्या सरांनी सांगितलं, ही गारगोटी आहे."

मी तिला वडिलांचे नाव विचारले. तोच मुलगा. ही त्याची धाकटी मुलगी. तिच्या वडिलांनी तिला ही हकीगत अनेकदा सांगितली होती, पण ते सर कोण, हे कधी सांगितले नव्हते. अशी अदब मी आमच्या पिढीतही फार थोड्यांत पाहिली. त्या क्षणी तिच्याशी काय बोलावे मला सुचले नाही. मी चष्मा पुसत बसलो.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला वाटेल की त्या काळी पुस्तके नव्हती, सरांना कसे कळणार? तसे मुळीच नाही. गारगोटी आणि अपोफिलाइट वेगळे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. गारगोटीचा चांगला वाढलेला स्फटिक असेल तर त्याच्या बाजू मोजाव्यात, त्या सहा भरतात. अपोफिलाइटच्या चार. शिवाय गारगोटी काचेवर ओढली की ओरखडा उठतो, अपोफिलाइटने उठत नाही, कारण तो काचेपेक्षा मऊ आहे. फ्रीडरिक मोह्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी श्रेणी १८१२ मध्ये मांडली. तीत सर्वांत मऊ शंखजिरे एक, गारगोटी सात, हिरा दहा. ही श्रेणी मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत होतो, मुलांकडून पाठ करून घेत होतो, आणि परीक्षेत तिच्यावर दोन गुणांचा प्रश्नही घालत होतो. पण टेबलावर आलेल्या दगडाच्या बाजू मोजायला मला दोन मिनिटे झाली नाहीत. चार असतात की सहा, एवढेच पाहायचे होते.

पुढच्या रविवारी मी त्याच्या घरी गेलो. आता तो पन्नाशी ओलांडलेला, केस पिकलेले. खाणीत वीस वर्षे काढून आता भागीत ट्रॅक्टर चालवतो. मला पाहून गडबडला, खुर्ची पुसली, मुलीला चहा टाकायला सांगितला. मी त्याला सरळ सांगितले की ती गारगोटी नव्हती, चूक माझी होती, आणि मी माफी मागायला आलो आहे.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, त्यानंतर मी तसले दगड उचललेच नाहीत. मी खाणीवर लागलो त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी सुरुंग उडाल्यावर एक मोठी पोकळी उघडली. माणूस आत बसेल एवढी. चारही बाजूंनी चमकत होती, आम्ही सगळे काम सोडून बघत उभे राहिलो. मुकादमाने विचारलं, काय आहे रे हे? मी म्हटलं, गारगोटी आहे, आमच्या सरांनी सांगितलंय. मग ते सगळं क्रशरमध्ये गेलं."

ती खडी कोणत्या रस्त्याखाली आहे कोणास ठाऊक. पाच-सहा वर्षांनी बाहेरचे व्यापारी खाणींवर येऊ लागले, वर्तमानपत्रात गुंडाळून असे दगड नेऊ लागले, तेव्हा कामगारांना कळले की यालाही किंमत असते. त्यांना मिळे ती किंमत आणि दुकानातल्या चिठ्ठीवरची किंमत यांत किती अंतर, हा निराळा विषय आहे.

मी पुन्हा माफीचे बोललो तर तो म्हणाला, "जाऊ द्या सर, तुम्हाला तरी कुठं माहीत होतं?" त्याने समजूत घालण्यासाठी म्हटले. पण मला तेच अधिक लागले. मला माहीत नव्हते हे खरेच होते. मला माहीत नाही, आपण दोघे मिळून पाहू, एवढे म्हणणे मात्र मला त्या वयात जमले नाही. नवा शिक्षक होतो. वर्गासमोर अडलो तर मान जाईल अशी भीती होती.

संग्रहालयातली आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. कपाटातल्या चिठ्ठ्यांवर खनिजाचे नाव असते, ते कुठे सापडले ते असते. कोणाच्या पहारीला लागले, ते नसते. याचा दोष मी त्या संग्रहालयाला देत नाही. जगभर हीच रीत आहे. बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. डोंगर फोडून पंचवीस बोगदे काढले, एका वेळी चाळीस हजारांवर मजूर तिथे खपत होते, आणि पटकी-तापाने हजारोंनी मेले. त्या खोदकामात अपोफिलाइटचे असे सुंदर नमुने निघाले की ते थेट लंडनच्या संग्रहालयात जाऊन बसले. आजही जुन्या संग्रहांत त्यांची नोंद बोरघाटाच्या नावाने सापडते. ज्याने पहिल्यांदा दिवटीच्या उजेडात ती पोकळी पाहिली, त्याचे नाव कुठेही नाही.

आता विक्रीच्या दालनाकडे वळतो, नाहीतर मुले रागावतील. तिथे मण्यांच्या माळा, अंगठ्या, लहानमोठे स्फटिक, सगळेच होते. एका नमुन्याची किंमत माझ्या पहिल्या वर्षाच्या एकूण पगाराहून जास्त निघाली. पण खिशातल्या खाऊच्या पैशांत येतील असे लहान तुकडेही होते, आणि कोणता घ्यावा यावर मुलांचा जो खल चालला तो वर्गात कधी ऐकला नाही. सहा बाजू की चार, यावर दोन मुलांची पैज लागली.

सहलीला आलेल्या एका माऊलीने परतताना बसमध्ये मला हळूच विचारले, "सर, अभ्यासाला कोणता दगड चांगला? मुलाच्या बोटात घालीन म्हणते." मी त्यांना अल-बिरूनीची गोष्ट सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. अल-बिरूनी हा सुमारे हजार वर्षांपूर्वीचा मोठा विद्वान. रत्ने आणि धातूंवर त्याने एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. दगड पाण्यात बुडवून, सांडलेले पाणी तोलून, कोणते रत्न किती जड हे त्याने मोजले, म्हणजे दिसायला सारखे असलेले दोन खडे वेगळे ओळखता यावेत. त्या काळी असा समज होता की पाचू पाहिला की सापाचे डोळे फुटतात. पुष्कळ ग्रंथांत तसे लिहिलेले होते. अल-बिरूनीने काय केले? साप आणला. त्याच्या गळ्यात पाचूची माळ घातली, त्याच्या टोपलीत पाचू पसरले, डोळ्यांपुढे पाचू हलवले. उन्हाळ्यात केले, थंडीत केले, कित्येक महिने केले. सापाच्या डोळ्यांना काहीही झाले नाही, आणि तसे त्याने लिहून ठेवले. हाच माणूस हिंदुस्थानात आला तेव्हा इथल्या मैदानातले दगडगोटे पाहत हिंडला. डोंगराजवळ नदीचे गोटे मोठे, दूर गेल्यावर लहान, आणि आणखी पुढे नुसती वाळू. त्यावरून त्याने ताडले की हे मैदान नद्यांनी आणलेल्या गाळाने भरलेले असावे. एवढा मोठा विद्वान, पण पायाखालचा गोटा पाहायला त्याला कमीपणा वाटला नाही.

त्या माऊलीला मी म्हटले, अंगठी हौसेने घाला, शोभेला घाला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या बोटात अकीक असतो, माझ्या वडिलांच्याही होता. त्याला आपण मान देतो. पण तो अकीक येतो कुठून हेही मुलाला सांगा. गुजरातेत राजपिपळ्याजवळ रतनपूर येथे तो निघतो, भट्टीत तापवल्यावर त्याला लाल रंग चढतो, आणि खंबायतच्या कारागिरांच्या हातून त्याला पैलू पडतात. या धंद्याची परंपरा बाबा घोर या सिद्दी पीराशी जोडली जाते. हा अकीक मुळात तयार झाला तोही आपल्याच काळ्या दगडाच्या पोकळ्यांत. आणि गंमत अशी की तो गारगोटीच्याच कुळातला आहे, घटक तेच. मी आयुष्यभर 'नुसती गारगोटी' म्हणत आलो, आणि वडिलांच्या बोटातला खडा तिचाच भाऊबंद होता. त्या कारागिरांबद्दल हेही सांगायला हवे की अकीक घासताना उडणारी धूळ छातीत जाऊन त्यांच्यातल्या कित्येकांची फुप्फुसे निकामी झाली. अंगठीची चमक कोणीतरी आपल्या श्वासातून दिलेली असते.

आता ज्या कामासाठी मी खरे म्हणजे उभा राहिलो ते बोलतो. त्या दिवशी चहा घेताना त्या मुलीने वडिलांसमोर मला विचारले, "सर, हे दगडांचं शिकायचं असेल तर काय घ्यावं लागतं?" मी म्हटले, भूशास्त्र. वडील काही बोलले नाहीत. आतून तिची आई म्हणाली, "मुलीच्या जातीनं हातोडा घेऊन डोंगरात फिरायचं? आणि नोकरी कोण देणार?"

आईचा प्रश्न रास्त आहे, म्हणून मी त्याचे उत्तर हवेत दिले नाही, आणि इथेही देणार नाही. दहावीनंतर विज्ञान शाखा, गणित टिकवून ठेवावे. पदवीला भूशास्त्र पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आहे, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आहे, पुणे विद्यापीठात पुढचे शिक्षण आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था १८५१ पासून काम करते आहे, तिच्या जागा संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भरल्या जातात, आणि त्या परीक्षेला मुली बसतात, पास होतात. आपल्या राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. विहीर कुठे खणावी, पाणी किती खोल, हे सांगणारी माणसे तिथे लागतात. आपल्या भागात कोरड्या विहिरींवर कर्ज काढून किती घरे बसली, हे मी तुम्हाला सांगायला नको. शिक्षकाची नोकरी आहेच. आणि हातोड्याबद्दल म्हणाल, तर त्या बाईंच्या सासूबाईंनी खाणीवर खडी फोडली आहे. हे मी तिथे बोललो नाही, पण बोलण्याची गरजही पडली नाही. त्या आजी कोपऱ्यात बसल्या होत्या, त्याच म्हणाल्या, "माझ्या हातात होताच की हातोडा. तेव्हा कुणी हरकत घेतली नव्हती."

अद्याप निर्णय झालेला नाही. वडील म्हणाले, दहावी होऊ द्या. आई म्हणाल्या, पुण्यात राहायची सोय काय? हा प्रश्न मी आज पदाधिकाऱ्यांसमोर मांडतो. संस्थेचा शिष्यवृत्ती निधी आजवर अभियांत्रिकी, डी.एड. आणि औषधशास्त्र यांच्यासाठी वापरला गेला. त्यात शुद्ध विज्ञानाला जागा करावी, आणि मुलींच्या वसतिगृहाचा खर्च त्यात धरावा. ठराव मी लेखी दिला आहे.

दुसरे काम लहान आहे. शाळेच्या व्हरांड्यात काचेचे एक जुने कपाट रिकामे होते, ते मी मुख्याध्यापकांकडून मागून घेतले आहे. कोणाला विहिरीत, शेतात, रस्त्याच्या कामात निराळा दिसणारा दगड सापडला तर तो शाळेत आणावा. मुलांनी यासाठी खाणीत जायचे नाही, सुरुंगाच्या जागी तर मुळीच नाही. घरातल्या कामावरच्या माणसाने आणलेला चालेल. वर्गात आपण त्याच्या बाजू मोजू, काचेवर ओढून पाहू, लिंबाचा रस टाकून फसफसतो का पाहू. नाही ओळखता आला तर चिठ्ठीवर 'अद्याप माहीत नाही' असे लिहू. चिठ्ठीवर तीन ओळी असतील. खनिजाचे नाव, सापडले ते ठिकाण, आणि कोणाला सापडले त्याचे नाव.

पहिला नमुना गेल्या आठवड्यात आला. ट्रॅक्टरच्या डिकीत, जुन्या रुमालात बांधून. त्याच्या मुलीने बाजू मोजल्या, चार भरल्या. मग मी मोजल्या. चिठ्ठी तिने आपल्या हाताने लिहिली आहे, तिसऱ्या ओळीत वडिलांचे पूर्ण नाव आहे. कार्यक्रम संपल्यावर ज्यांना पाहायचा असेल त्यांनी व्हरांड्यात यावे. कपाटाची किल्ली ग्रंथपाल बाईंकडे आहे.